माझ्या वहीत माझाच पगार नव्हता

२०२४ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचं, स्पिंडल बेअरिंग गेलं. आधीचे दोन दिवस आवाज येत होता, बारीक, शिट्टीसारखा. तो मला ऐकू येत होता, पण हातातला लॉट उतरेपर्यंत चालवू म्हणून मी मशीन चालवत राहिलो. बेअरिंग, मजुरी आणि मेकॅनिकचं येणं-जाणं धरून ६८,००० रुपये गेले, आणि मशीन आठ दिवस बंद राहिलं. त्याच आठवड्यात डिप्लोमाच्या वेळच्या एका मित्राचा फोन आला. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहे. म्हणाला, "आमच्या मशीन शॉपला माणूस पाहिजे. सीएनसी कळणारा, पोरं सांभाळणारा. तुला कसं विचारायचं म्हणून दोन दिवस थांबलो बघ."

मी तिथल्या तिथं नाही म्हणालो. रात्री झोप मात्र आली नाही.

आमचा कारखाना कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. सहाशे चौरस फुटांचं स्वतःचं शेड, त्यात एक सीएनसी, दोन लेथ, एक रेडियल ड्रिल. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधली कायम नोकरी सोडून १९८६ मध्ये पंजाबातल्या बटाल्याचा साडेसहा फुटी लेथ घेतला आणि ऑइल इंजिनाच्या पार्टपासून सुरुवात केली. तेव्हा कोल्हापूरचं इंजिन म्हणजे उसाला पाणी पाजणारं इंजिन. पुढं विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं कमी झाली आणि उद्यमनगर फाउंड्रीच्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, मशीनिंग करून देण्याकडं वळलं. मी २००२ मध्ये आलो तेव्हापासून आमचं काम तेच, जॉबवर्क. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही त्याचं तोंड सपाट करून, आतलं गोल भोक (बोअर) मापात आणून, ड्रिल मारून परत पाठवतो आणि नगावर पैसे मिळतात. २०१८ मध्ये कर्ज काढून सीएनसी घेतलं, महिना ३१,५०० चा हप्ता. दुसऱ्याच वर्षी ऑगस्टात पूर आला. आमच्या शेडला पाणी लागलं नाही, पण शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि माल पलीकडंच अडकला. त्यानंतर लॉकडाऊन. २०२१ च्या जुलैत परत पूर. हे सगळं सोसून कारखाना चालू राहिला, म्हणून मी समजत होतो की आपलं बरं चाललंय. कामाला तोटा कधीच नव्हता. कोणी विचारलं तर मी छाती पुढं काढून सांगायचो, दोन शिफ्टचं काम आहे, माणूस मिळत नाही.

मित्राचा दुसरा फोन आला तेव्हा मी पाडव्यापर्यंत वेळ मागितला. पाडवा ९ एप्रिलला होता. म्हणजे जवळजवळ अडीच महिने हातात होते. पहिलं काम केलं ते म्हणजे शंभरपानी वही आणली आणि मागच्या सहा महिन्यांची बिलं, चलनं आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन रोज रात्री जेवणानंतर तासभर बसायला लागलो. आमचे सीए वर्षाला ताळेबंद करून देतात, त्यात नफा दिसतो, कर भरला जातो. पण त्या ताळेबंदाकडं मी कधी 'माझं काय' म्हणून बघितलं नव्हतं.

जीएसटी सोडून महिन्याचं सरासरी बिलिंग १,९२,००० निघालं. टर्नर, ऑपरेटर आणि हेल्पर मिळून पगार ५३,०००, दिवाळीचा बोनस महिन्यावर वाटला तर साडेचार हजार. लाइट बिल २४,०००. इन्सर्ट (मशीनची कापायची पाती) आणि टूल २१,०००. कूलंट आणि ऑइल पाच, टेम्पो नऊ, मशीनचा मेंटेनन्स अकरा, सीए-फोन वगैरे तीन. रिजेक्शनचे डेबिट, म्हणजे बाद नगांपोटी गिऱ्हाइक कापून घेतं ते, सहा. मशीनचा हप्ता साडेएकतीस. कॅश क्रेडिटचं, म्हणजे बँकेच्या फिरत्या कर्जाचं, व्याज साडेपाच. सगळं वजा जाऊन १८,५०० उरले.

रिजेक्शनबद्दल थोडं सांगायला पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला ते सहा हजार किरकोळ वाटतील. एका हबचा बोअर ६२ मिलिमीटरचा, वर मिलिमीटरच्या तीन शतांशाची सूट. म्हणजे ६२.०० ते ६२.०३. इन्सर्टची धार गेली, पोराचं लक्ष नसलं आणि बोअर ६२.०५ झाला की नग बाद. आमची मजुरी नगाला ४० रुपये, पण डेबिट येतं ते कास्टिंगच्या पूर्ण किमतीचं, २१० रुपये. ती आमची चूक, मान्य. पण बोअर मारताना आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, निघाला तर तो दोष ओतकामाचा. तरी तोपर्यंत झालेल्या मशीनिंगचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. वीज आमची, इन्सर्ट आमचा, वेळ आमचा. मी दर महिन्याला असे नग एका कोपऱ्यात रचून ठेवायचो, बोलून बघायचो, आणि शेवटी टेम्पोत घालून परत पाठवायचो.

१८,५०० चा आकडा सीएंना दाखवला. ते म्हणाले, हप्त्यातली मुद्दल खर्चात धरू नका, ती तुमची मालमत्ता होतेय. बरोबर होतं. पण मी जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याकडून भाव काढला होता. साडेनऊ लाख म्हणाला. मशीन सहा वर्षांत जितकं झिजलं, जवळपास तितकीच मुद्दल मी फेडली होती. हे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि उलट एक प्रश्न विचारला, "शेडचं भाडं धरलंय का?" शेड आपलंच, भाडं कसलं? "दुसऱ्याला दिलं तर काय येईल?" आमच्या गल्लीत तेव्हा तेवढ्या शेडला १४,००० येत होते. म्हणजे माझ्या सकाळी आठ ते रात्री आठच्या कष्टाचे उरले साडेचार हजार. हेल्परला आम्ही १३,००० देत होतो.

त्या रात्री वही उघडीच ठेवून मी बसलो होतो. बायको पाणी घेऊन आली, उभ्या उभ्या दोन्ही पानं वाचली. आत गेली आणि कपाटातून एक पावती आणून वहीवर ठेवली. सोनं तारण कर्जाची. लॉकडाऊनमध्ये पगार द्यायला तिच्या बांगड्या आणि पाटल्या ठेवल्या होत्या. १,४०,००० रुपये. दर वर्षी व्याज भरून आम्ही ते नवं करत होतो. "अहो, ह्याचं व्याज कुठं लिहिलंय?" एवढंच विचारलं तिनं. मी लिहिलंच नव्हतं. कारखान्याच्या खर्चात ते धरायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं, कारण ते घरातून जात होतं. महिन्याला बाराशे. मी खाली लिहिलं. राहिले ३,३००.

मला तिची माफी मागायची होती. ती म्हणाली, माफी नको, आधी झोपा.

पण आकडा कमी का, हे अजून कळायचं होतं. काम भरपूर, तरी कॅश क्रेडिट कायम सहा लाखाच्या टोकाला टेकलेलं. मग मी प्रत्येक बिलासमोर पैसे आल्याची तारीख लिहायला घेतली. आमच्या मुख्य गिऱ्हाइकाबरोबर बोलणं ४५ दिवसांचं. प्रत्यक्षात सरासरी आली ११० दिवस. जीएसटीसकट महिन्याला दोन लाख पंधरा हजारांच्या आसपास बिल जात होतं, म्हणजे कुठल्याही दिवशी माझे पावणेआठ ते आठ लाख बाहेर. त्यातले सहा लाख बँकेचे, ११ टक्क्यांनी. आणि जीएसटी तर बिल केलं की भरायचाच, पैसे आले असोत की नसोत.

याला कायदा आहे, तो मला तेव्हाच नीट कळला. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. त्या वेळी बँक रेट ६.७५ होता, म्हणजे सव्वावीस टक्के. शिवाय त्याच मार्चअखेरीपासून आयकराचं नवं कलम लागू होत होतं, ४३बी(एच). उद्यम रजिस्ट्रेशन असलेल्या आमच्यासारख्या छोट्या कारखानदाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. मला वाटलं, आता तरी सुटलो. फेब्रुवारीच्या शेवटी गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समधून फोन आला. मला वाटलं पेमेंटचा. फोन होता, "तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन रद्द करता येईल का? नाहीतर साहेब म्हणतात की दुसरीकडं बघावं लागेल."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. तक्रार करायला सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, आणि ज्यांचा व्यवहार तुटलाच आहे त्यांनी तिथं जरूर जावं असं माझं मत आहे. पण ज्याच्यावर ७० टक्के काम अवलंबून, त्याच्यावर तक्रार करून दुसऱ्या दिवशी त्याच्याच गेटवर टेम्पो लावायचा कसा? एकाच गिऱ्हाइकावर इतकं काम जाऊ दिलं, ही वीस वर्षांतली माझी सगळ्यात मोठी चूक. आठ-दहा वर्षांपूर्वी दोन छोटे पंपवाले होते, पैसे वेळेवर द्यायचे. लॉट लहान म्हणून मीच त्यांचं काम मागं टाकत गेलो.

आण्णांना सांगायची मला भीती होती. तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, रोज संध्याकाळी चालत शेडवर येतात, खुर्ची टाकून बसतात. नोकरी सोडून त्यांनी उभं केलेलं, ते मी बंद करून नोकरीला जाणार, हे तोंडातून कसं काढायचं? एका संध्याकाळी वही त्यांच्या हातात दिली. चष्मा पुसून त्यांनी तारखांचं पान बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "माझ्या टायमाला शनवारी पैसे मिळायचे. आठवड्याचं काम, शनवारी हिशेब. मालक सही करून रोख द्यायचा." थोडं थांबून म्हणाले, "मी धंदा केला. तू त्यांना पैसे पुरवतोयस, आणि वर काम पण करून देतोयस." एवढ्या वेळात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं.

नोकरीची बाजूही मी तितकीच तपासली. नुसता पगार बघून जायचं नव्हतं. वर्षाला ५,४०,००० चा आकडा सांगितला होता. लेखी मागितल्यावर फोड आली. मूळ वेतन २०,०००. कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी त्याच आकड्यात धरलेली. माझा १२ टक्के पीएफ, व्यवसाय कर आणि विम्याचा हप्ता कापून हातात साधारण ३८,०००. पेन्शनचं विचारलं तेव्हा एक नवी गोष्ट कळली. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याचं मूळ वेतन १५,००० च्या वर असेल तर त्याला पेन्शन योजनेत घेत नव्हते, दोन्ही वाटे पीएफमध्येच जमा होत होते. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पीएफचा फॉर्म भरणार होतो, त्यामुळं पेन्शन नाही. पण अठ्ठावन्नपर्यंत चौदा वर्षं महिन्याला दोन्ही बाजूंचे मिळून ४,८०० रुपये साठणार होते. वीस वर्षं धंदा करून माझ्या नावावर असा एक रुपया साठला नव्हता.

अट एकच जड होती. नेमणूक पत्रात स्पष्ट लिहिलेलं, स्वतःच्या नावावर दुसरा धंदा चालवायचा नाही. माझा बेत होता की दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कारखाना बघायचा. बरेच जण तसं करतात. मित्रानं सल्ला दिला की बायकोच्या नावावर कर. मी नाही म्हणालो. जीएसटी, बँक, सगळं तिच्या सहीवर आणि डोकं माझं, अशानं तीच अडकली असती. शेड भाड्यानं द्यायला कंपनीची हरकत नव्हती, तेवढं लेखी घेतलं.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी त्या कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. शिफ्ट सुटताना माणसं कशी बाहेर पडतात ते बघायचं होतं. दोघंतिघं ओळखीचे निघाले, उद्यमनगरातलेच. त्यातला एक माझ्यासारखाच, कारखाना बंद करून आलेला. तो म्हणाला, पहिलं वर्ष जड जातंय भावा, एकोणतीस वर्षांचा पोरगा येऊन विचारतो की हे असं का केलं, आणि उत्तर मेलवर द्यायला लागतंय. पण ७ तारखेला पगार येतो. दुसरा एक माणूस मी मुद्दाम गाठला, जो नोकरीवरून परत धंद्यात आला होता. त्याचं कारण वेगळं होतं. त्याच्याकडं स्वतःचा प्रॉडक्ट होता, व्हॉल्व्हचे पार्ट स्वतःच्या नावानं विकायचा, गिऱ्हाइकं त्याला शोधत होती. "तुझ्याकडं प्रॉडक्ट आहे का?" त्यानं विचारलं. नव्हता. माझ्याकडं चांगला हात होता आणि दुसऱ्याचं ड्रॉइंग होतं.

सगळ्यात अवघड राहिलं ते मामांशी बोलणं. मामा म्हणजे आमचे टर्नर, २००२ पासूनचे, मला बोअर गेज धरायला त्यांनी शिकवलं. दहापेक्षा कमी माणसं असल्यानं आमच्याकडं ग्रॅच्युइटीचा कायदा लागत नव्हता. पण त्याच हिशेबानं, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, मी आकडा काढून ठेवला होता. बावीस वर्षांचे २,६६,००० च्या वर झाले. ऑपरेटर आणि हेल्परला महिनाभर आधी सांगितलं. ऑपरेटरला गोकुळ शिरगावला आठ दिवसांत काम मिळालं, हेल्पर त्याच्याच ओळखीनं गेला.

मामांना सांगितलं तेव्हा ते लेथचं बेड पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, "मालक, मला आता कुठं कामाला नगं. हा लेथ माझ्या अंगवळणी पडलाय. हा कितीला देणार?" भंगारवाला त्या लेथचे साठ हजार म्हणाला होता आणि रेडियल ड्रिलचे पंचेचाळीस. मी म्हणालो, तेवढ्यालाच घ्या, तुमच्या हिशेबातून वजा करू, राहिलेले वर्षभरात देतो. शेडचा निम्मा भाग त्यांना सात हजारांनी दिला, पहिले सहा महिने साडेतीन. दोन छोटे पंपवाले, ज्यांचं काम मी सोडलं होतं, त्यांच्याकडं मी स्वतः मामांना घेऊन गेलो. लॉट लहान, पण एकानं तर जागेवरच आगाऊ पैसे दिले.

पाडव्याला गुढी उभी केली आणि मित्राला होकार कळवला. २ मे ला हजर झालो. त्याआधीच्या दहा दिवसांत सीएनसी विकलं. क्रेननं ते शेडबाहेर काढताना मी थांबू शकलो नाही, रंकाळ्यावर जाऊन बसलो, संध्याकाळी परत आलो तर फरशीवर चार गोल डाग आणि कूलंटचा वास. साडेनऊ लाखांतून बँकेचे सव्वासहा फिटले. बांगड्या-पाटल्या सोडवल्या. त्या दिवशी बायकोनं त्या घातल्या नाहीत, अंबाबाईला जाऊन आली आणि मग घातल्या. बाकीचे पैसे मामांच्या हिशेबाला आणि कॅश क्रेडिटला. मुख्य गिऱ्हाइकाचं शेवटचं बिल सप्टेंबरअखेर जमा झालं, व्याजाशिवाय. त्याबरोबर कॅश क्रेडिट खातं बंद केलं.

नोकरीत मी सुखात आहे असं म्हणणार नाही. सकाळी सव्वासहाला सायबर चौकात बस पकडतो. पहिले दोन महिने मला कुणाची तरी परवानगी घेऊन घरी जायचं म्हणजे छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. इन्सर्ट बदलायचा तरी स्टोअरची स्लिप. पण रविवारी फोन वाजत नाही, आणि ७ तारीख आली की पोटात गोळा येत नाही. इतकी वर्षं त्याच तारखेला मी पगारासाठी पैसे गोळा करत फिरायचो.

ऑक्टोबरमध्ये खंडेनवमीला कंपनीतली पूजा दुपारपर्यंत उरकली आणि मी सरळ उद्यमनगरात आलो. सगळ्या गल्लीत फुलांचे हार, कापूर आणि ऑइलचा मिसळलेला वास. आण्णा आधीच येऊन खुर्चीवर बसले होते, पुढ्यात हळद-कुंकवाचं ताट. मामांचा मात्र लेथ चालू होता. दसऱ्याच्या आधी द्यायचा लॉट, शेवटचा नग चकमध्ये. मला बघून त्यांनी लेथ थांबवला, हात चिंध्यांना पुसले आणि बोअर गेज पुढं केला.

"मालक, जरा बघा की. मला आता बारीक दिसत न्हाई."

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या, गेज सेट करून आत घातला आणि हलवून बघितला. ६२.०१.

"दोन शतांश हातात आहेत," मी म्हणालो.

"मग चालतंय," मामा म्हणाले, नग काढून ट्रेमध्ये ठेवला, आणि पूजेसाठी लेथ पुसायला घेतला.